एका कुंडाचे दोन दावेदार

मी एक जुने दगडी कुंड आहे, मित्रांनो. चर्चच्या दारालगत माझी जागा. एका अखंड काळ्या दगडातून मला घडवले. नदीच्या दोन्ही काठांवरच्या बाळांचा बाप्तिस्मा माझ्याच पाण्याने होई. पलीकडची माणसे होडीने येत, ओल्या पायांनी आत शिरत. बाळाने भोकाड पसरले की सगळे चर्च हसे.

पुढे वस्ती वाढली. बिशपांनी धर्मग्रामाचे, म्हणजे एका चर्चखालच्या वस्तीचे, दोन भाग केले. पलीकडे नवे चर्च उभे राहिले आणि मला तिकडे न्यायचे की इथेच ठेवायचे, यावरून वाद पेटला.

एका रविवारी मिस्सेची प्रार्थना संपताच पलीकडचा गवंडी पहार घेऊन आत आला. मागे त्याचे गडी. घंटा वाजवणारे काका मला पाठ लावून उभे राहिले. दोघे एकमेकांचे व्याही, पण या वादापायी बोलणे बंद झालेले.

"व्याहीबुवा, बाजूला व्हा. आमच्या बापजाद्यांची डोकी यातच भिजलीत."

"आणि आमची काय कोरडी राहिली? हात लावून तर बघा!"

फादर "अरे, थांबा!" म्हणत धावले. तोवर कुणीतरी काकांना ढकलले आणि पहार माझ्या बुडाखाली गेली. कट्कन आवाज झाला. माझ्या अंगाला तडा गेला, पाणी झिरपू लागले. सगळे जागच्या जागी थिजले.

तेवढ्यात शेजारच्या दवाखान्यातून सिस्टर धावत आल्या. हातात दुपट्यात गुंडाळलेला एवढासा जीव.

"तुमची नात! दिवस भरायच्या आधीच झाली. मोठ्या इस्पितळात न्यायचीय, गाडी येतेय. तिची आई म्हणते, आधी बाप्तिस्मा द्या."

दोन्ही आजोबांचे चेहरे पांढरेफटक पडले. गवंड्याने पहार टाकली, गुडघे टेकले आणि दोन्ही तळवे माझ्या तड्यावर दाबून धरले.

"पाणी ओता, व्याही. लवकर!"

काकांनी कोपऱ्यातली भरलेली कळशी माझ्यात उपडी केली. फादरांनी त्या इवल्या कपाळावर पाणी सोडले. बाळ रडले नाही. सिस्टर तिला घेऊन गाडीत बसल्या. कुणी घरी गेले नाही. दोन्ही काठांची माणसे एकमेकांना खेटून बाकांवर बसून राहिली.

संध्याकाळी निरोप आला. पोरीने डोळे उघडले होते, दूधही घेतले होते. काकांना उठवेना. गवंड्याने त्यांना हात दिला.

माझा तडा त्यानेच बुजवला. मी इथेच राहिले. नव्या चर्चसाठी त्याने दुसरे कुंड घडवले; त्याचा दगड निवडायला दोघे व्याही मिळून खाणीवर गेले.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा. आणि त्यांच्यासाठी भांडणाऱ्या माणसांनाही जपा. ती दगडापेक्षा लवकर फुटतात.