गोळीबंद पाक

तीन मिनिटं दहा सेकंदांनी शिशाची पट्टी लाकडावरून सुटली आणि बादलीच्या तळाशी जाऊन बसली. देवराव तायडेंनी घड्याळ पाहून वहीत आकडा लिहिला.

"साखर पान्यात विरघळते," स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नी इंदूबाई म्हणाल्या, "हे पाहाले तुमाले घड्याळ लागते काय?"

"किती वेळात विरघळते ते पाहून राह्यलो."

"मंग?"

"लवकर सुटून राह्यलं. पाच मिनिटं तरी टिकाले पायजे."

इंदूबाईंनी बादलीत वाकून पाहिलं, मग गॅसवरच्या पातेल्यात. पातेलं त्यांचंच होतं. संक्रांतीला आठवडा होता आणि घरातली अर्धा किलो साखर सकाळपासून संपली होती.

"हा एकतारी पाक हाय. याच्यात गुलाबजामुन भिजवा. शिसं चिपकवाचं तं गोळीबंद पायजे. सरका तिकडे."

त्यांनी आच वाढवली. थोड्या वेळाने पाकाचा एक थेंब वाटीतल्या थंड पाण्यात टाकला, बोटांनी त्याची गोळी वळली आणि वाटीच्या काठावर आपटली. गोळी टक्क वाजली. "हं. लावा आता."

देवरावांनी लाकडाच्या तुकड्यावर तो पाक पसरला, वर शिशाची पट्टी दाबली, थंड होऊ दिली आणि तुकडा बादलीत सोडला. पट्टी पाच मिनिटं वीस सेकंदांनी सुटली. पुन्हा केलं. पाच मिनिटं पंचवीस. त्यांनी दोन्ही आकड्यांभोवती गोल केला. बत्तीस वर्षं अमरावतीच्या एका महाविद्यालयात, पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून काढलेल्या माणसाला एका आकड्यावर विश्वास ठेवायची सवय नव्हती.

ज्याच्यासाठी हे चाललं होतं ते जहाज समोरच्या खोलीत टेबलावर उभं होतं. लांबी एकाहत्तर सेंटीमीटर, तीन डोलकाठ्या, पितळेच्या सोळा तोफा. अकोल्याच्या खडकीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात ते सात महिने वाढत होतं. खोक्यातून आल्या होत्या त्या फक्त प्लायवूडच्या फासळ्या, एक कणा, अक्रोडाच्या लाकडाच्या दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, दोऱ्यांची रिळं आणि परदेशी भाषेतला एक नकाशा. देवरावांनी एकेक पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवली, तापल्या सोल्डरिंग लोखंडावर वाकवली, फासळ्यांवर टाचण्यांनी धरली, चिकटवली, घासली. अशा एकशे ब्याण्णव पट्ट्या. दोरांच्या गाठी मारायला त्यांना सहा आठवडे लागले.

जहाज त्यांचं नव्हतं. प्राध्यापक रामराव धांडे यांचं होतं. धांडे सर विभागाचे जुने प्रमुख. अमरावतीत त्यांना 'जहाजवाले सर' म्हणत, आणि त्याला कारण होतं. एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेलं जहाजाचं खोकं दोन वर्षं कपाटात पडून होतं. १९९९च्या उन्हाळी सुट्टीत देवरावांनी ते उघडलं आणि विभागाच्या कोपऱ्यात बसून जहाज बांधलं. जूनमध्ये प्राचार्यांनी ते सरांच्या केबिनमध्ये पाहिलं आणि विचारलं, "धांडे, हे तुम्ही केलंत?"

सर म्हणाले, "छंद आहे."

देवराव तेव्हा हातात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. दुसऱ्या दिवशी जहाजाखाली पाटी लागली: 'निर्मिती : प्रा. रामराव धांडे'. दुसरं जहाज २००६ मध्ये झालं. त्याचा फोटो पेपरात आला. जहाजावर हात ठेवलेले सर, आणि फोटोच्या कडेला कोणाचा तरी अर्धा खांदा. तो खांदा देवरावांचा होता.

हेही त्यांनी सोसलं असतं. प्रात्यक्षिकाच्या वेळी सर मुलांसमोर उभे राहत आणि देवराव टेबलामागे. सर मान न वळवता हळूच विचारत, "देवराव, किती?" देवराव तितक्याच हळू आकडा सांगत. मग सर तो मोठ्याने सांगत. देवरावांना वाटे, असंच असतं. काम होतंय ना.

पण २००६ मध्येच प्रयोगशाळा सहायकाच्या जागेसाठी त्यांचं नाव वर गेलं होतं आणि परत आलं होतं. का परत आलं ते त्यांना चौदा वर्षांनी, निवृत्तीनंतर कळलं. माहितीच्या अधिकारात त्यांनी आपले जुने गोपनीय अहवाल मागवले. त्या वर्षीच्या कागदावर निळ्या शाईत, सरांच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती: 'स्वतंत्र बुद्धी नाही. सांगितलेले काम करतो.'

तो कागद देवरावांनी घडी करून वहीत ठेवला. कोणाशी बोलले नाहीत.

मग गेल्या जूनमध्ये सरांचा फोन आला. "देवराव, जानेवारीत माझा अमृत महोत्सव आहे. आमच्या कुलदीपने जर्मनीहून जहाज पाठवलंय, मोठं. मी सुरुवात केली होती, पण आता डोळे साथ देत नाहीत. आपण करू."

"करू ना सर."

"आणि यावेळी नुसतं ठेवायचं नाही. लॉनवर कारंज्याचा हौद आहे, त्यात सोडू. सगळ्यांसमोर."

"सर, हे शोकेसचं जहाज हाय. डब्ब्यावरच लिवलं असते, पान्यात टाकू नका म्हनून. वरून जड राह्यते थे. उलटं होईन."

सर हसले होते. "अरे, जहाज आणि पाण्यात टाकू नका? तू मी सांगतो तसं कर."

देवराव म्हणाले, "बरं सर. सांगतलं तसं करतो."

त्याच संध्याकाळी त्यांनी वहीत पहिली आकृती काढली होती. टायरच्या दुकानातून चाकांना लावतात ती शिशाची जुनी वजनं आणायची, वितळवून त्यांची सातशे ग्रॅमची एक पट्टी ओतायची, आणि ती कण्याच्या खाली साखरेच्या पाकाने चिकटवायची. पट्टी आहे तोवर जहाज सरळ तरंगेल. पट्टी सुटली की तोफा आणि डोलकाठ्यांच्या भाराने ते उलटं होईल आणि तळ वर येईल. तळावर काय लिहायचं हे ठरवायला मात्र वेळ लागला नाही. आता तिथे पांढऱ्या रंगात, दोन-दोन इंचांच्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'बांधणारा : देवराव तायडे, परिचर'. जहाज टेबलावर होतं तोवर त्याच्या लाकडी बैठकीच्या उंच कठड्याआड ते दिसत नव्हतं. पाण्यातही दिसणार नव्हतं.

इंदूबाई टेबलाजवळ आल्या. दोरांच्या जाळीला त्यांनी बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं.

"अन् हे सारं? बुडन ना."

"बुडनार नाई. आतून बंद केलं हाय. उलटं होईन."

"पन दोर खराब होतीन. काठ्या मोडतीन."

"मोडतीन."

"सात महिने, बाप्पा."

"बत्तीस वर्सं," देवराव म्हणाले.

इंदूबाईंनी आत जाऊन दुसरं पातेलं घेतलं. "खऱ्या पट्टीले ताजा पाक लागन. कार्यक्रमाच्या आदल्या दिशी करून देतो. तुमच्या हातानं कच्चा राह्यते."

रविवारी सकाळी देवराव जहाजाचं खोकं मांडीवर घेऊन एसटीत बसले. मूर्तिजापूरला कंडक्टरने विचारलं, "काका, काय हाय? देव हाय का?"

"जहाज."

"अमरावतीले समुद्र आला का?"

"आज येऊन राह्यला," देवराव म्हणाले.

लॉनवर दीडेकशे माणसं होती. सरांचे जुने विद्यार्थी, नातेवाईक, दोन निवृत्त प्राचार्य. व्यासपीठासमोर कारंज्याचा गोल हौद. कारंजं बंद होतं. देवरावांनी महिन्यापूर्वी येऊन त्याची खोली मोजली होती: पंचावन्न सेंटीमीटर, डोलकाठ्यांना पुरेशी. पण आज त्यांनी हात बुडवला आणि चमकले. पाणी बर्फासारखं थंड होतं. रात्रीची टाकी नुकतीच सोडलेली. घरच्या बादलीतलं पाणी बावीस अंश होतं. हे सतरासुद्धा नसेल. साखर सावकाश विरघळणार. किती सावकाश, ते त्यांनी मोजलेलं नव्हतं. बत्तीस वर्षांत अशी चूक त्यांच्याकडून झाली नव्हती.

सरांनी कॉलरला छोटा माइक लावला होता. प्रमुख पाहुण्यांनी आणि सरांनी जहाजाला नुसतं बोट लावलं, देवरावांनी वाकून ते पाण्यात सोडलं. जहाज सरळ उभं राहिलं. टाळ्या झाल्या. देवराव हौदाच्या काठाशी, सरांच्या एक पाऊल मागे उभे राहिले. तीच त्यांची जागा.

"छंद माणसाला तरुण ठेवतो," सर बोलू लागले. "लोक विचारतात, इतका संयम कुठून येतो..."

पाच मिनिटं झाली. जहाज सरळ होतं. सहा झाली. सर आपल्या मुलाच्या, कुलदीपच्या, लहानपणावर आले. सात. देवरावांना वाटलं, इंदूने पाक जास्तच कडक केला. आज ते सुटणारच नाही. सर जहाज घरी नेतील, काचेच्या पेटीत ठेवतील, खाली पाटी लागेल, आणि आपलं नाव तळाशी, अंधारात राहील.

आठ मिनिटं चाळीस सेकंदांनी हौदाच्या तळाशी एक बारीक आवाज झाला. तो फक्त देवरावांना ऐकू आला. जहाज किंचित डावीकडे कललं, थांबलं, आणि मग एकदम, कुशीवर वळणाऱ्या माणसासारखं, उलटं झालं. पहिल्या रांगेतून "अरे अरे!" उठलं. काळा, ओला तळ वर आला आणि त्यावरची पांढरी अक्षरं उन्हात आली. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी ती मोठ्याने वाचली. मागचे लोक खुर्च्यांवरून उठले.

सर वाकले. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. देवराव त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. याच क्षणासाठी सात महिने गेले होते.

सर सरळ उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

"हेच!" ते म्हणाले. "हेच मला तुम्हाला दाखवायचं होतं! गुरुत्वमध्य! खालचं वजन गेलं की काय होतं, ते चाळीस वर्षं मी फळ्यावर शिकवलं, आज प्रत्यक्ष पाहा. आणि हे नाव. हे आमचे देवराव. तळाशी राहून काम करणारा माणूस वर यावा, म्हणून मी त्यांना मुद्दाम लिहायला सांगितलं."

टाळ्या सुरू झाल्या. जहाज सोडतानाच्या टाळ्यांपेक्षा मोठ्या. एक निवृत्त प्राचार्य डोळे पुसत होते. देवरावांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांचा सूडसुद्धा सरांनी पाटी लावून आपला केला होता.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक बाई उभी राहिली. आकांक्षा, सरांची जुनी विद्यार्थिनी, आता मोर्शीच्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. "सर, फारच सुंदर प्रयोग! मला वर्गात करून दाखवायचा आहे. पण ते वजन इतक्या वेळाने आपोआप सुटलं कसं? काय लावलं होतं?"

"सोपं आहे," सर म्हणाले. "एक... म्हणजे त्यात एक युक्ती आहे." त्यांनी हौदाकडे पाहिलं. मग सवयीने, मान न वळवता, ओठांतल्या ओठांत विचारलं, "देवराव, काय लावलंस?"

कॉलरचा माइक चालू होता. लॉनच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून ते कुजबुजणं मोठ्याने आलं: "देवराव, काय लावलंस?"

बत्तीस वर्षं उत्तर ओठांवर तयार असायचं. आजही होतं. देवरावांनी ते गिळलं आणि सरांच्या शेजारी, एक पाऊल पुढे आले.

"मले काय माईत सर?"

सर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "अरे, तूच तर केलंस."

"केलं ना. पन तुमी सांगतलं म्हनून केलं, असं तुमीच आता म्हनले. मंग कसं केलं हे तुमालेच माईत असन." त्यांचा आवाज चढला नाही. माइक जवळ होता, चढवायची गरजही नव्हती. "मले सोताची बुद्धी नाई, सर. सांगतलेलं काम करतो मी. दोन हजार सहाच्या माह्या गोपनीय अहवालात तुमीच लिवलं हाय. निळ्या शाईनं."

कोणी टाळी वाजवली नाही. आकांक्षा अजून उभी होती, खाली बसावं की नाही ते तिला ठरवता येत नव्हतं. सरांनी माइककडे हात नेला, तो बंद करायचं बटण त्यांना सापडेना, आणि त्यांचा श्वास चारही स्पीकरमधून ऐकू येत राहिला.

देवरावांनी चपला काढल्या. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि ते हौदात उतरले. पाणी मांडीला लागलं, दुमडलेली पँट भिजली. त्यांनी आधी तळाची शिशाची पट्टी उचलून खिशात घातली, मग जहाज. मधली डोलकाठी मोडून दोरांना लटकत होती.

"देवराव," सर म्हणाले, यावेळी हळू नाही. "ते इकडे ठेव. कुलदीपने पाठवलंय ते."

"खोकं त्यानं पाठवलं," देवराव म्हणाले. "खोकं व्यासपीठाच्या मांगं हाय. रिकामं."

जहाज तसंच हातात घेऊन, ओल्या पायांत चपला अडकवून, ते फाटकाबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंदूबाई अंगणात आल्या तेव्हा जहाज विटांच्या दोन चळतींवर पालथं ठेवलेलं होतं, वाळायला. दोर आकसले होते, पट्ट्या दोन ठिकाणी उकलल्या होत्या. देवराव समोर पायरीवर चहा घेऊन बसले होते.

कण्याला पाकाचा एक पातळ थर अजून चिकटून होता. विटेवरून निघालेली मुंग्यांची एक सरळ रांग तळावर चढत होती आणि पांढऱ्या अक्षरांवरून, एकेक अक्षर ओलांडत, साखरेकडे जात होती.

"पुसू का?" इंदूबाईंनी फडकं उचललं.

"राहू दे," देवराव म्हणाले. "वाचून राह्यल्या त्या."