हॉर्नच्या बोल्टातली नाल

"हे बायकांचं काम नाय" असं मला कुणी म्हणलं, की ते काम केल्याबिगर मला जेवण जात नाय. लग्नाआधीपासूनची खोड हाय ती.

करमाडच्या आठ बाया मी माझ्या व्हॅनमधून शेंद्र्याच्या कंपनीत नेते-आणते. दोन दिवसांपासून हॉर्न बंद. गेटवरच्या साहेबानं काल बजावलं, उद्या दुपारच्या शिफ्टला हॉर्न वाजला नाय तर पुढं बाया कडुबाच्या गाडीत. कडुबा म्हणजे माझा धाकटा दीर. या फेरीवर त्याचा कधीचा डोळा. आज सकाळी ओट्यावर चहा पीत मला म्हणतो, मिस्त्रीकडं टाका, वायरिंग बदलायला चार दिवस लागतील, तवर मी नेतो.

चार दिवस म्हणं! हातची गेलेली फेरी परत येती व्हय?

मी पाना घेतला अन् पुढची जाळी खोलली. कडुबाला म्हणलं, बसलाच आहात तर गाडीत बसून बटण दाबा. फ्यूज शाबूत होता. हॉर्नची वायर काढून तिला बल्ब जोडला, तो लख्ख पेटला. म्हणजे करंट येत होता. मग हॉर्न सोडवून दोन वायरींनी थेट बॅटरीला लावला, तर असा बोंबलला की कडुबाचा चहा सांडला. म्हणजे हॉर्नही धड. राहिलं अर्थिंग. हॉर्न ज्या बोल्टनं पत्र्याला कसतात, तिथूनच करंट माघारी जातो.

बोल्टाची जागा पाहिली अन् माझं डोकंच सटकलं. परवा अमावस्येला, बाईच्या हातातल्या गाडीला नजर लागती म्हणून कडुबानं घोड्याची नाल बसवली होती. ती नेमकी याच बोल्टात, हॉर्न अन् पत्र्याच्या मधी. नालेला दोन्ही अंगांनी अन् बोल्टालाही तेलात कालवलेला शेंदूर बोटभर थापलेला. करंट जाईल कुठून?

मी नाल उपसली तसा तो गाडीतून उतरून आला.

"वहिनी, नाल काढू नका. रस्त्यात काय झालं म्हंजे?"

"जे व्हायचं ते हॉर्न नसल्यानं व्हईल, भावजी."

रॉकेलनं शेंदूर पुसला, पत्रा चकाकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासला, बोल्ट आवळला. वाजला.

दुपारी गेटवर गेले, तर मागंमागं कडुबा रिकामी गाडी घेऊन हजर. न जाणो, बाया मिळाल्या तर! साहेब म्हणाला, वाजवा. मी बटणावर तळहात ठेवला तो काढलाच नाय. दोन दिवसांचा राग होता आत. साहेब कानावर हात ठेवून म्हणाला, बास झालं बाई, कळलं.

तेवढ्यात मागच्या सीटवरून आशाबाईंनी हात पुढं घालून माझ्या हातावर ठेवला. सगळ्यात वयस्कर बाई, मला वाटलं, थांबवतायत. त्यांनी अजून जोरात दाबला.