आवतनाला आलेला लाकडी बैल

आमच्या घरून पाहुणा उपाशी जात नाही, अशी फुशारकी मी चारचौघींत मारत असते. यंदा तोंडावर पडले, आणि तेही एका लाकडी बैलापुढे!

चूक कशी झाली ते सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारचे गोमाजी आपल्या बैलांचे खांदे हळद-तेलाने चोळत होते आणि रीतीप्रमाणे त्यांना बोलावत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझ्या आठ वर्षांच्या रीताने ते पाहिलं. घरी येऊन तिने आपल्या लाकडी बैलालाही तस्संच चोळलं, तस्संच आवतन दिलं. बैल कसला, तुलाराम सुताराने सागवानात घडवलेला, गुडघ्याएवढा, चाकांच्या पाटीवर उभा. तेल सांडलं म्हणून मी तिला रागावले आणि विसरून गेले. पोळ्याला पुरणपोळीचा घास गोमाजींच्या जोडीला दिला, कारण आमच्या दारात आता बैलच नाहीत. लाकडी पाहुण्याला कोणी विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा, लाकडी बैलांचा. सकाळी मी वडे तळत होते तर मागे घर्रर्र आवाज. वळून बघते तो काय! रीताचा बैल स्वयंपाकघरात उभा, नाकपुड्या फेंदारून वास घेतोय! माझ्या हातातला झारा खाली पडला. त्याने एक खूर पाटीवरून उचलला, मग दुसरा, चारही पाय फरशीवर टेकवले आणि टोपलीतल्या कालच्या पोळ्यांवर तुटून पडला.

"आई व!" रीता दारात नाचायलाच लागली. "मी बलावलं होतं ना त्याले! तूनं जेवाले देल्लंच नाई!"

"मंग आता जेवून राहिला ना," मी म्हणाले. आणखी काय म्हणणार? अंगावर काटा उभा होता आणि हसूही आवरत नव्हतं. मी मुकाट्याने त्याला अकरा वडे वाढले.

रीताला मात्र वेगळीच काळजी होती. तिचे आबाजी, म्हणजे माझे सासरे, आमचे मामाजी, यादोराव. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टर आला आणि त्यांनी वासरांपासून वाढवलेली जोडी विकली. तेव्हापासून पोळ्याचे दोन्ही दिवस ते मागच्या पडवीत भिंतीकडे तोंड करून पडतात. मागच्या तान्ह्या पोळ्याला बाकी पोरांसोबत त्यांचे आबाजी होते, आमची पोरगी एकटी. यंदा तिने सांगूनच टाकलं होतं, आबाजी आले तरच मी जाणार. आम्ही विनवण्या केल्या, पण मामाजी हूं की चूं करेनात.

चार वाजता आमच्या कारधा गावातली सगळी पोरं बैल घेऊन देवळाकडे निघाली, आणि आमचा बैल अंगणात बसला तो बसलाच. माझ्या नवऱ्याने, इश्वरने, ढकलून पाहिलं. गोमाजींनी सरकीची ढेप दाखवली. अर्धं गाव अक्कल शिकवायला जमलं. रीताचे डोळे भरून आले. शेवटी इश्वरने बैलाची शेपूट धरली.

"शेपूट काहून पिळून राहिला बे? जनावर आहे, मोटर नोहे!"

मामाजी दारात उभे होते. कल्ल्याने उठून आले होते.

रीताने बैलाची दोरी पुढे केली. मामाजींनी ती हातात घेतली. मग ते वाकले, बैलाच्या वशिंडावर हात ठेवला आणि जीभ टाळूला लावून आवाज काढला. "चाल राजा." बैल एका झटक्यात उठला! पोरांनी अशा शिट्ट्या मारल्या की काय सांगू.

देवळापुढच्या तोरणापाशी पोळा भरवणाऱ्या गुरुजींनी अडवलं. "यादोरावजी, नियम आहे. लाकडाचाच बैल पायजे."

मामाजींनी बैलाच्या पाठीवर बोटाने टकटक वाजवलं. "ऐका. सागवान आहे."

गुरुजी बाजूला सरले. तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल उधळला आणि त्याच्यामागे धोतर सावरत माझे सासरे! त्यांना पळताना मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा पाहिलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

मग पोरं बैल घेऊन घरोघरी फिरतात, तसे तेही निघाले. दिवेलागणीला रीता एकटीच घरी आली, गाल फुगवलेले.

"आबाजी कुठी आहेत?" मी घाबरून विचारलं.

"मी म्हटलं, आबाजी, पाय दुखून राहिले, चाला घरी. तं म्हणते, तू जाय. आमी दोघं येतो."