सहावा रोलर

चौकशीचा अहवाल सव्वादोन पानांचा होता, आणि त्याचा शेवट बाई मेस्त्रीने यार्डाच्या फाटकात उभ्याउभ्याच तीनदा वाचला. ‘ब्रेकचे पट्टे तीन महिन्यांपूर्वीच बदलले असल्याने यांत्रिक दोषाचा प्रश्न उद्भवत नाही. सबब अपघात चालकाच्या हलगर्जीपणामुळे घडला.’

“प्रश्न उद्भवत नाही म्हणे!” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “यांच्यापैकी एकानं तरी यंत्राखाली डोकं घातलं होतं का?”

“चौकशीचे साहेब आले होते ना,” पहारेकरी म्हणाला. “पण चिखल होता. लांबूनच फोटो काढले.”

रस्ते खात्याच्या या यार्डात यंत्रे दुरुस्त करणारी ती एकटीच बाई. म्हणून लहानथोर सगळे तिला बाई मेस्त्रीच म्हणत. अहवालातला चालक तिचा धाकटा दीर होता. ज्या यंत्रावरून हे रामायण झाले, ते म्हणजे लोखंडी साखळ्यांवर चालणारा जुना बुलडोझर. कोणाचेही न ऐकता आपल्याच चालीने जाणारा, म्हणून चालकांनी त्याला ‘आत्याबाई’ हे नाव पाडले होते.

अकरा दिवसांपूर्वी आत्याबाई बांधाच्या उतारावर ढासळलेली माती वर लोटत होती. गिअर बदलण्यासाठी दिराने दोन्ही पायांनी दोन्ही साखळ्यांचे ब्रेक दाबले, आणि यंत्र थांबले नाही. ते पस्तीस फूट मागे घसरत गेले आणि पंपघराची भिंत पाडूनच स्थिरावले. आतल्या पंपवाल्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. दिराला त्याच दिवशी निलंबित केले गेले. गुरुवारी सुनावणी होती. तिच्यात अहवाल कायम झाला, तर त्याची नोकरी जाणार होती आणि अवजड यंत्रे चालवण्याचा परवानाही. बाई मेस्त्री तेव्हा पाच महिन्यांसाठी लांबच्या कामावर होती; ती चारच दिवसांपूर्वी परतली होती.

संध्याकाळी ती घरी पोचली, तेव्हा दीर मागच्या पायरीवर बसून खालच्या फरशीवर एकदा डावा, एकदा उजवा पाय दाबून पाहत होता.

“वहिनी, खरं सांगू?” तो म्हणाला. “माझा डावा पाय उशिराच पडला असेल बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय, भाऊजी?”

“आता नीट आठवतच नाही. आधी वाटायचं, दोन्ही बरोबर दाबले होते. पण सगळेच म्हणतायत तर...”

“सगळे म्हणजे कोण? लांबून फोटो काढणारे?”

“चिडू नका ना. आज पंपवाल्याच्या बायकोला भेटून आलो. एक अक्षर बोलली नाही ती. शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.”

आत शिवणयंत्र थांबले आणि तिचा नवरा म्हणाला, “रोज हेच चाललंय याचं. काल मला विचारतो, माझा एक पाय आखूड आहे का? मी म्हटलं, अरे बाबा, तुझ्या विजारी मी शिवतो. दोन्ही पाय सारखे आहेत.”

दीर हसला नाही. बाई मेस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षे या माणसाने उतारावर, कड्यावर, दलदलीत यंत्रे चालवली होती आणि कोणाला साधे खरचटूही दिले नव्हते. त्याला नोकरीवरून काढणे हा अन्याय होताच. पण सव्वादोन पानांच्या जोरावर त्याला स्वतःच्या पायांवरच अविश्वास ठेवायला लावणे, हे तिला त्याहून नीच वाटले.

दुसऱ्या दिवशी यंत्र तपासण्याची लेखी परवानगी घेऊन तिने यार्डात ओढून आणलेल्या आत्याबाईचे मागचे झाकण उघडले. आत तेल होते. पट्ट्यांचे अस्तर तेल पिऊन काळे पडले होते आणि काचेसारखे गुळगुळीत झाले होते. कोरड्या ब्रेकच्या पट्ट्याला तेल लागले की त्याची पकड गेली, हे यार्डातला झाडूवालाही सांगू शकला असता. तेल अडवणारे सील गळके राहिले असणार, असे म्हणून तिने पट्टे बसवणाऱ्या ठेकेदाराच्या फिटरला बोलावून घेतले आणि तो येताच त्याला फैलावर घेतले.

“बाई, आधी ऐकून तर घ्या,” फिटर म्हणाला. “तेव्हाही आत तेल होतंच. मलाही सीलच वाटलं. नवंकोरं सील घातलं, तेल काढलं, सगळं पुसून लख्ख केलं. पट्टे यंत्राच्या पाटीवरच्या नंबरावरून आले. बसलेही बरोबर. उघडा सील. गळत असेल तर माझं नाव बदला.”

तिने सील उघडले. ते धडधाकट होते.

मग तेल आले कुठून? ती गुडघ्यांवर बसली, वाकली आणि टॉर्च लावून साखळीच्या आतल्या बाजूने बघत गेली. यंत्राचे वजन पेलणारे रोलर तिने सवयीने मोजले. एका बाजूला सहा. दुसऱ्या बाजूला सहा. फिटरच्या हातातल्या माहितीपुस्तकात, पाटीवरच्या नंबरापुढे, रोलर पाचच छापले होते.

तिने टॉर्च विझवला. तिला पुस्तकाची गरज नव्हती. ती पाटी तिथे कशी आली, हे तिला ठाऊक होते.

बारा वर्षांपूर्वी यार्डात दोन बुलडोझर उभे होते. एक खात्याचा, पाच रोलरांचा, कायमचा निकामी झालेला. दुसरा एका बंद पडलेल्या खाणीतून आलेला, सहा रोलरांचा, धट्टाकट्टा, पण कागदपत्रांवाचून बेवारस. दुरुस्तीची मंजुरी मात्र निकामी यंत्राच्या नावे आली होती, आणि दरड कोसळून वरच्या वस्त्यांचा रस्ता बंद होता. तेव्हाचे थोरले साहेब म्हणाले होते, “मेलेल्याची पाटी काढा आणि जिवंताला लावा. दोघी सख्ख्या बहिणीच आहेत.” यार्डात ही रीतच होती, मंजुरी येईल तशा पाट्या फिरत, आणि त्याला कोणी लबाडी म्हणत नसे, हुशारी म्हणत. पाटीचे चार रिव्हेट तिने स्वतःच्या हाताने ठोकले होते. चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला होता आणि सगळ्यांनी तिची पाठ थोपटली होती.

त्यानंतर पाटीचा कधी त्रासच झाला नाही, कारण पाटी कोणी वाचतच नव्हते. झिजलेला भाग हातात घेऊन ती भांडारात जायची आणि अगदी तसाच मागायची. याच यंत्राचे ब्रेक तिने दोनदा बदलले होते. ते तेलात बुडून चालणारे होते, गिअरपेटीतले तेल तिथे येणारच होते, आणि तिने तेलातलेच पट्टे घातले होते; पण त्याला बरीच वर्षे झाली होती, आणि आत कोरडे पट्टे दिसताच ब्रेकही कोरडेच, असे ती धरून चालली होती. ती लांबच्या कामावर गेली, काम ठेकेदाराकडे गेले आणि नवा नियम आला: सुटे भाग पाटीवरच्या नंबरावरूनच मागवायचे. मेलेल्या यंत्राचे ब्रेक कोरडे चालत. मापे तीच, अस्तर वेगळे. कोरडे पट्टे तेलात बसले, आणि पहिल्या मोठ्या उतारावर घसरले.

तिने मागच्या हाउसिंगवर, म्हणजे ब्रेकच्या पोलादी कवचावर, रंग उतरवायचे द्रावण फासले आणि तारेचा ब्रश चालवला. दरवर्षीच्या तपासणीआधी न खरवडताच पिवळा रंग मारायची पद्धत होती. थरावर थर चढले होते. तासाभराने पोलादात ठोकलेला मूळ नंबर वर आला. पाटीवरच्या नंबराशी त्याचा एक आकडासुद्धा जुळत नव्हता.

“आता माझं काय होणार, बाई?” फिटरने विचारले.

“तुझं काय व्हायचंय? कागदानं सांगितलं ते तू केलंस. कागद खोटा होता.”

यार्डाचे साहेब दुपारी आले. त्यांनी नंबर पाहिला, पाटी पाहिली आणि आवाज खाली आणला.

“बाई, हे पाटीचं प्रकरण कशाला उकरता? सील गळत होतं असं लिहा. यांत्रिक दोष झाला. तुमचा दीर सुटला.”

“आणि फिटर?”

“ठेकेदार बघून घेईल त्याचं.”

“बघून घेईल म्हणजे उद्यापासून येऊ नकोस म्हणेल. सील चांगलं आहे, साहेब.”

“तुम्हाला दीर सोडवायचा आहे की जग सुधारायचं आहे?”

क्षणभर तिचे मन डळमळले. एक ओळ लिहायची होती. घरात कोणाला काही कळले नसते, आणि तिच्या नावाला कसलाही डाग लागला नसता. पण पुढच्या वेळी भांडाराचा संगणक याच पाटीवरून पुन्हा कोरडेच पट्टे मागवणार होता, आणि उतारावर पुन्हा कोणीतरी दोन्ही पाय दाबणार होते.

“त्याला सोडवायचंय म्हणूनच खरं लिहिते,” ती म्हणाली. “खोट्यावर सुटला, तर जन्मभर आपला पायच तपासत बसेल तो.”

गुरुवारी यार्डाच्या कचेरीत, वरच्या मजल्यावरच्या सुनावणीच्या खोलीत चौकशी अधिकाऱ्यांनी तिचा जबाब अर्ध्यावर थांबवला. “तांत्रिक तपशील नको. यंत्र कोणतं, ते कागदपत्रांवरून सिद्ध आहे.”

“खाली चला,” ती म्हणाली.

“काय?”

“यंत्र खिडकीतून दिसतंय, साहेब. एकवीस पायऱ्या आहेत. माणसाची एकोणीस वर्षं पुसताना एवढं तरी चाला. आज चिखलही नाही.”

खोलीत कोणीतरी खोकले. अधिकारी लालबुंद झाले. पण कुबड्या घेऊन आलेला पंपवाला आधीच उठून दाराकडे निघाला होता, आणि त्याच्यामागे न जाणे कोणालाच बरे दिसले नसते.

“रोलर मोजा,” यंत्रापाशी पोचल्यावर ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी वाकून बोटाने मोजले. “सहा.”

“आणि माहितीपुस्तकात, या पाटीच्या नंबरापुढे?”

“पाच.” ते सरळ उभे राहिले. “मग ही पाटी इथं लावली कोणी?”

“मी. सांगितलं थोरल्या साहेबांनी, पण हात माझे होते. तसं लेखी देते.”

दीर पुढे आला. “वहिनी, हे तुम्ही मला घरी...”

“घरी सांगितलं असतं, तर तुम्ही मला इथं येऊ दिलं असतं?”

पंपवाल्याने कुबडी बदलली. “म्हणजे याने ब्रेक दाबला होता?”

“दोन्ही दाबले होते. वेळेवर.”

“मग माझ्या बायकोला ते सांगायला या,” तो दिराला म्हणाला. बाई मेस्त्रीकडे त्याने पाहिले नाही, आणि तिनेही त्याच्याकडून त्याची अपेक्षा केली नाही. तिचे चार रिव्हेट त्याच्या पायापर्यंत पोचले होते, हे तिने जबाबात आपणहून लिहिले.

आठवड्याने घरी तीन पत्रे आली. पहिल्याने दिराचे निलंबन मागे घेतले. दुसऱ्याने यंत्राच्या ओळखीत फेरफार केल्याबद्दल बाई मेस्त्रीला नोटीस दिली. तिसऱ्याने तिलाच, ‘अन्य जाणकार उपलब्ध नसल्याने’, आत्याबाई तातडीने दुरुस्त करण्याचा आदेश दिला.

“एका हाताने थोबाडीत आणि दुसऱ्या हाताने पाना,” नवरा म्हणाला. “बाहीचं माप घेऊन ठेवू का? नव्या पोलक्यात जा नोटिशीला.”

ती हसली, पण कागद पुढे ओढून तिने लगेच उत्तर लिहायला घेतले. खरा नंबर नोंदवल्याशिवाय ती पान्याला हात लावणार नव्हती. तेलातले पट्टे, नवे सील, आणि उभे ठेवताना ब्रेक अडकवून ठेवणारी खटकी, एवढे तर हवेच होते. शिवाय डोक्यावर नुसता ऊन अडवणारा पत्रा नको होता. यंत्र उलटले तरी माणूस चेपणार नाही अशी पोलादी चौकट हवी होती, आणि आसनाला पट्टा. यातले काही ‘शोभेसाठी’ म्हणून वगळू नये, असे तिने शेवटी लिहिले आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली.

यार्डाच्या साहेबांनी चौकट वगळली. तिने यादी परत पाठवली. त्यांनी आसनाचा पट्टा वगळला. तिने यादी पुन्हा परत पाठवली, आणि या वेळी सोबत पंपवाल्याच्या पायाच्या क्ष-किरण चित्राची प्रत जोडली. दोन महिन्यांनी सगळे सामान आले.

चाचणीसाठी तिने तोच बांध मागून घेतला. खालचे पंपघर रिकामे केलेले होते. दिराने आसनाचा पट्टा बांधला, वर पोलादी चौकटीकडे एकदा बघितले आणि यंत्र चढणीला घातले.

“झालं ना तुमच्या मनासारखं?” शेजारी उभे असलेले यार्डाचे साहेब म्हणाले.

“एका यंत्राचं झालं. यार्डात अजून सात उभी आहेत. त्यातल्या तिघांच्या पाट्या फिरलेल्या आहेत, मी फिरवलेल्या नसल्या तरी. सोमवारपासून रंग खरवडते.”

“नोटिशीचा निकाल अजून लागलेला नाही, बाई.”

“लागू दे. तोवर नोकरीत आहे ना मी?”

उताराच्या मध्यावर आत्याबाई थांबली. दिराने गिअर सोडला आणि दोन्ही पाय दाबले. यंत्र तसूभरही हलले नाही. साखळीखालचा एक खडा सुटून घरंगळत खाली आला, तेवढाच.

“धरलंय!” ती खालून ओरडली. “सोडा आता, भाऊजी, पुढे घ्या!”

“थांबा जरा, वहिनी,” वरून उत्तर आले. “दाबून बसू द्या थोडा वेळ.”