लांगरी नाथाजीची परीक्षा

"हे काय आहे?" एस्तेर सिस्टरांनी ट्रेमधलं एक हत्यार उचलून वर धरलं.

"पक्कड," नाथाजी शेलार म्हणाला.

वर्गातल्या नऊच्या नऊ मुली खळखळून हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

"पक्कड सायकलच्या दुकानात असते. ही आर्टरी फोर्सेप्स. रक्त वाहायला लागलं की ती शीर हिनं धरायची. म्हणा."

"आटरी फारशेप."

पुन्हा हशा पिकला. नाथाजी रागावला नाही. पलटणीत पंधरा वर्षं लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होता तो. भात करपला की दोनशे जवान एकदम हसतात आणि शिव्याही देतात, त्याची त्याला सवय होती. त्यानं खिशातली वही काढली आणि मोठ्या अक्षरात लिहून घेतलं.

साल चौऱ्याहत्तर. सांगलीतल्या एका ट्रस्टच्या इस्पितळानं ऑपरेशन थिएटरात डॉक्टरांच्या हाताशी उभी राहणारी माणसं तयार करायला वर्षभराचा वर्ग काढला होता. हत्यारं उकळायची, मांडायची, मागितल्याबरोबर हातात द्यायची, असं ते काम. आलेल्या मुली बहुतेक मॅट्रिक पास. नाथाजी सातवी शिकलेला, पस्तिशी उलटलेला, पाटणच्या वरच्या अंगाचा. त्याला स्वयंपाकघरात घ्यायला इस्पितळ एका पायावर तयार होतं. यानंच हट्ट धरला, की घालायचं तर माझं नाव त्या वर्गात घाला. ट्रस्टींना वाटलं, चार दिवसांत कंटाळेल आणि मुकाट्यानं डाळ शिजवायला जाईल.

चार दिवसांनी भोवळ आली ती त्रिशलाला. समडोळीच्या जैन चौगुल्यांची ही मुलगी वर्गात पहिली. घरी पाणीसुद्धा फडक्यानं गाळून पिणाऱ्या माणसांत वाढलेली. पहिलंच ऑपरेशन बघताना तिनं भिंत धरली. नाथाजीनं तिला खांद्याला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

"माझ्यानं नाही व्हायचं हे," त्रिशला रडत म्हणाली. "आक्काताई म्हणतच होती, जिवाची चिरफाड आपल्या घराला शोभत नाही म्हणून." आक्काताई म्हणजे तिची आत्या.

"आत्याबाईला म्हणावं, मारायची येगळी आन् जगवायची येगळी. सुरी एकच आसती," नाथाजी म्हणाला. "उद्या रगताकडं बघूच नगंस. सिस्टरांच्या हाताकडं बघ. हात काय करत्यात त्येवढंच बघ. मी बी पहिल्यांदा बोकड कापला तवा असाच आडवा झालो हुतो."

ती रडता रडता हसली. "बोकडाचं मला सांगू नका हो."

दुसऱ्या दिवशी ती शेवटपर्यंत उभी राहिली. त्या दिवसापासून दुपारच्या सुटीत ती त्याला इंग्रजी नावं शिकवू लागली. तो ती कवायतीच्या हुकमासारखी पाठ करायचा. जिन्यातून चढता-उतरता पुटपुटायचा. दिवाळीपर्यंत डोळे मिटून, नुसत्या बोटांनी चाचपून, तो ट्रेमधल्या प्रत्येक वस्तूचं नाव सांगू लागला. उच्चार तेच राहिले, फारशेपचं फोर्सेप्स कधी झालं नाही. पण डॉक्टर मगदुमांनी हात पुढं केला की हवी ती वस्तू त्यात पडलेली असायची.

हात धुण्यात मात्र त्याची बरोबरी कुणी करू शकलं नाही. दहा मिनिटं, घड्याळ लावून, नखांपासून कोपरापर्यंत ब्रश. मुली सातव्या-आठव्या मिनिटाला नळ सोडायच्या. नाथाजीची कातडी सोलवटली, बोटांच्या पेरांना चिरा पडल्या, तरी त्याची दहा म्हणजे दहा. वापरलेले रबरी हातमोजे धुऊन पुन्हा वापरायचे ते दिवस. एकेका मोज्यात फुंकर मारून, गालाशी धरून तो बारीकसं भोक शोधायचा.

एकदा सिस्टरांनी विचारलं, "शेलार, तुम्हाला कुणी पाठवलं हो इकडं? स्वयंपाकघरात सुखानं राहिला असतात."

त्यानं हातातला मोजा खाली ठेवला.

"सदुसष्टच्या भूकंपात घराची भित पडली, सिस्टर. माझी मनुबाई सात वर्सांची. पाय मोडला. मी तवा आसामात. तार मिळून गावी पोचलो, तर डाक्टरांनी पाय चांगला बशिवला हुता. पोरगी हसत हुती. मला म्हणली, आबा, खाऊ आणला न्हाई व्हय? मग जखमंत पू झाला. बाराव्या दिवशी गेली."

"कुणाचं चुकलं?"

"कुणाला ठावं? गर्दी लय. डाक्टर दोन दिस झोपलं न्हवतं, त्यांनी आपल्या जिवाचं रान केलं. कुणाचा तरी हात कशाला तरी लागला आसंल. ज्याचा लागला त्येला सुदीक कळलं नसंल."

त्या दिवसापासून थिएटरच्या कपाटाची किल्ली सिस्टर नाथाजीकडं देऊ लागल्या.

पंचाहत्तरच्या एप्रिलात परीक्षा आली. लेखी पेपरात नाथाजी जेमतेम तरला. उरली प्रॅक्टिकल. पुण्याहून परीक्षक आले होते. खरं ऑपरेशन, खरा पेशंट. नाथाजीच्या वाट्याला साळूबाई आली, कवठे महांकाळची साठीची म्हातारी, हर्नियाची. टेबलावर आडवी पडून ती छताकडं बघत होती. भूल अजून द्यायची होती. डॉक्टर मगदूम बाहेर हात धूत होते.

नाथाजीनं हात धुतले, निर्जंतुक गाऊन चढवला, मोजे घातले. ट्रॉलीवर हत्यारं मांडली ती अशी, की परीक्षकांनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. सुयांची वाटी घ्यायला तो वळला. मागं सलाइनचा लोखंडी स्टँड होता, निर्जंतुक न केलेला. बाहीला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. तोवर तो ट्रॉलीवर वाकलाही होता.

तो तसाच थांबला. सिस्टर साळूबाईची नाडी बघत होत्या. मदतीला दिलेल्या त्रिशलाची त्याच्याकडं पाठ होती. परीक्षक लिहीत होते. स्टँड जागच्या जागी होता, हलल्याची खूण नव्हती. बाही लागली होती की पंख्याच्या वाऱ्यानं फडफडली होती?

"सर," तो म्हणाला, "ट्रॉली बाद झाली."

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. "का?"

"माझी बाही त्या स्टँडला लागली आसंल. त्याच बाहीनं मी हत्यारांवर वाकलो."

"मी इथंच उभा आहे. मला तर काही दिसलं नाही. सिस्टर, तुम्हाला?"

सिस्टरांनी नाही म्हणून मान हलवली.

परीक्षक जवळ आले. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली आणून म्हणाले, "शेलार, ट्रॉली बाद म्हणजे तुम्ही नापास, हे तुम्हाला ठाऊक आहे. नीट आठवा. बाही लागली, अशी तुमची खात्री आहे?"

त्यांनी सुटकेची वाट मोकळी करून दिली होती. नुसतं 'नाही सर' म्हटलं असतं तरी भागलं असतं. त्रिशला वळली होती, आणि मास्कवरचे तिचे डोळे तेच म्हणत होते.

"खात्री न्हाई, सर," नाथाजी म्हणाला. "खात्री न्हाई म्हणूनच सांगतोय."

ओले हात वर धरून डॉक्टर मगदूम दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी ते ऐकलं. "निर्जंतुक सामानाचा दुसरा ड्रम उघडा," ते म्हणाले. "सगळं नव्यानं मांडा. मी परत हात धुतो." आणि ते आल्या पावली नळाकडं गेले.

नवी ट्रॉली त्रिशलानं मांडली. नाथाजीनं गाऊन उतरवला आणि साळूबाईच्या उशाशी जाऊन उभा राहिला. म्हातारी घाबरली होती.

"काय झालं रं बाबा? माझं काय बिघडलं का?"

"काय न्हाई मावशी. भांडी नीट घासली न्हवती, परत घासाय टाकली. दमानं घ्या."

"मग घासा बाबा, चांगली घासा," म्हातारी म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

ऑपरेशन तासभर उशिरा झालं आणि नीट पार पडलं. संध्याकाळी परीक्षक सिस्टरांना म्हणाले, "मला वाईट वाटतं हो. पण नियम स्पष्ट आहे."

"नियम मीच शिकवलाय त्यांना," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी निकालाच्या कागदावर सही केली.

नऊ मुली पास. नाथाजी नापास. त्रिशलाला ती बातमी सांगताना रडू आवरेना.

"रडतीस कशापायी?" तो म्हणाला. "तू पास झालीस न्हवं? मग पेढं आण की."

आठव्या दिवशी साळूबाईचे टाके निघाले. नाथाजीला वॉर्डात काही काम नव्हतं, तरी तो जाऊन उभा राहिला. जखम कोरडी होती, पेन्सिलीनं रेघ मारावी तशी. त्यानं ती दोनदा वाकून पाहिली. मग म्हातारीचं गाठोडं उचललं आणि तिला एस.टी. स्टँडवर पोचवलं.

"तुमी डाक्टर का?" गाडीत बसता बसता तिनं विचारलं.

"न्हाई मावशी. मी नापास झालेला गडी हाय."

"मग आवंदा पास व्हशीला," म्हातारी म्हणाली, आणि कंडक्टरनं घंटी मारली.

मे महिन्यात तो गावी गेला. राहीबाई चुलीपुढं बसली होती. बायकोला त्यानं सगळं सांगितलं, काही न लपवता. ती भाकरी थापत ऐकत राहिली.

"कुणी बघितलं हुतं का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "म्हंजी तुमी बघितलं म्हणून त्या बाईचं निभावलं." थोड्या वेळानं म्हणाली, "परत वरीसभर ऱ्हावं लागंल?"

"पयल्यापास्नं."

"मग जावा. हितलं मी बघती."

पुढल्या साली तो पास झाला, आणि डॉक्टर मगदुमांनी रिटायर होईपर्यंत आपली अवघड ऑपरेशनं त्याच्याशिवाय केली नाहीत. पण ते नंतरचं.

त्या जूनच्या पहिल्या सोमवारी नवा वर्ग भरला. अकरा मुली, नव्या वह्या, नवे गाऊन. सिस्टर अजून यायच्या होत्या. दारातून इस्त्रीचे कपडे घातलेला, कानशिलं पिकलेला एक गृहस्थ आत आला, तशा मास्तर आले समजून सगळ्या मुली बाक सरकवत उभ्या राहिल्या.

"बसा, पोरींनो, बसा," नाथाजी म्हणाला, आणि त्यांच्यामधून वाट काढत शेवटच्या बाकावर जाऊन बसला.