डोहातले बियाणे

शनिवारी सकाळी रत्नाने ओढ्याकडची खिडकी लावून घेतली. वास तरीही घरात येतच होता.

"म्हस मेली का काय डोहात?" ती म्हणाली.

स्वरूप उठून अंगणात गेला. तिचा हा नवरा ग्रामपंचायतीचा पाणीवाला. पाण्याच्या टाकीत जंतू मारणारी टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायची आणि नळाला पाणी सोडायचे, हे त्याचे काम. गुरुवारी नसरापूरहून मेहुणा अमृत दोन मित्रांना घेऊन आला होता. "दाजी, पाव्हण्यांना पिठल्यावरच वाटंला लावता व्हय?" एवढा टोमणा पुरला. स्वरूपने पंचायतीच्या पोत्यातली बादलीभर पावडर काढली आणि चौघांनी ती डोहात कालवली. थोड्याच वेळात मासे पांढरी पोटे वर करून तरंगू लागले. एक पिशवी भरून घरी आली. उरलेले तिथेच कुजत होते.

दहा वाजता देवळापुढे गाव जमले. गावातले मोठे भातशेतकरी आनंदराव यांनी निकाल आधीच ठरवून ठेवला होता.

"हे कातकऱ्यांचंच काम. मासं मारायचं औषध दुसऱ्या कुणाला ठावं हाय? आज सांजच्याला वस्ती हलवा ओढ्यावरनं!"

माना हलल्या. स्वरूप मागे खांबाला टेकून उभा होता.

वस्तीवरच्या साळूबाईला बोलावणे गेले होते. ती आली आणि तिने पदरातून तळहाताएवढे मेलेले कासव काढून फरशीवर ठेवले.

"आनंददादा, बियाणाचं भात उन्हाळ्यात कांडून खाता का तुमी?"

"येडी का काय तू? मग आखाडात काय लावू?"

"तसंच हाय आमचं. ओढा आटला की वरचं-खालचं सगळं मासं ह्या डोहात गोळा होत्यात. मळं, वाम, मरळ, सगळं. पाणी आलं की हितनंच वर चढून तुमच्या खाचरात अंडी घालत्यात. माज्या सासऱ्यानं उन्हाळ्यात हितं गळबी टाकला न्हाई. जाळ्यातनं बारकं सुटतं. ह्या औषधानं नखाएवढं पिल्लू ठेवलं न्हाई. आमचं पोटच माशावर. आमी डोह मारू आन् खाऊ काय?"

"मग केलं कुणी?" आनंदराव गरजले.

रत्ना बायकांतून उठली आणि नवऱ्याशेजारी येऊन हळूच म्हणाली, "बादली म्या धुतली. पांढरी व्हती, वासबी टाकीचाच. तुमी बोलताय का म्या बोलू?"

स्वरूपने फरशीवरच्या कासवाकडे पाहिले. सांजेपर्यंत बारा झोपड्या उठणार होत्या.

"म्या केलं!" तो ओरडला. "पंचायतीची पावडर म्या घातली!"

"आरं, तुझ्या हातचं पाणी पितो आमी!" आनंदरावांच्या तोंडून एवढेच निघाले.

सरपंचांनी टाकीघराची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली. वस्ती राहिली. उन्हाळ्यात डोहात कोणी मासे धरायचे नाहीत, असा ठराव झाला. साळूबाईची माफी मात्र गावाने मागितली नाही. एकट्या स्वरूपने मागितली, कुजलेले मासे पुरताना.

"मावशी, चुकलो."

"मला सांगून काय व्हतंय? आखाडात खाचरात ये."

आषाढात तो गेला. ओढा भरून वाहत होता, बांधांवरून पाणी उड्या घेत होते. साळूबाई टोपली घेऊन सकाळपासून खाचराच्या बांधातल्या मोरीपाशी बसली होती. स्वरूप दुपारपर्यंत तिच्याशेजारी थांबला. एकही मासा वर चढला नाही.

वाचकहो, नदी मारायला कारखानाच लागतो असे नाही. पाहुणचाराची हौस आणि एक बादली पुरते. मग खापर फोडायला आपण गावातले सर्वांत गरीब घर शोधतो. बियाणे खाणाऱ्याला आपण शेतकरी म्हणत नाही. डोह मारणाऱ्याला गावकरी तरी का म्हणावे?

साळूबाईने रिकामी टोपली पालथी घातली आणि ती उठली.

"पुढल्या साली बघू," ती म्हणाली. नक्की येतील, असे ती म्हणाली नाही.