शनिवारचा पितळी बिल्ला

मित्रांनो, पनवेलच्या कचेरीत जुनी दफ्तरं ठेवायची एक खोली आहे. तिथल्या लाकडी कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात, सुकलेल्या दौतींच्या शेजारी मी पडलेला असतो. तळहाताएवढा, गोल, वर दोरी ओवायला भोक असलेला मी एक जुना पितळी बिल्ला. माझ्या अंगावर ‘शनिवार’ असं कोरलेलं आहे. परवा एका नव्या कारकुनाने मला उचललं आणि म्हणाला, “हे कसलं झाकण?” झाकण! अहो, ज्याच्यापुढे नगराध्यक्ष दारात थांबले, त्याला तुम्ही झाकण म्हणता? म्हणून म्हटलं, आपली हकिगत आपणच सांगावी.

माझा जन्म १९४३ सालचा. तांबट आळीतल्या भगवान तांबटाकडे एक फुटकं घंगाळ पडून होतं. त्याच्या बुडातून त्याने सात चकत्या कापल्या, कानशीने घासल्या आणि एकेकीवर एकेका वाराचं नाव कोरलं. आम्ही सात भाऊ. कोणी हसू नका, घंगाळाचं पितळ जाड असतं, पत्र्यासारखं वाकत नाही.

आम्हाला घडवायची वेळ का आली, तेही ऐका. नगरपालिकेच्या कचेरीसमोर मोठं फरसबंद पटांगण होतं. गावात तेवढी सपाट, स्वच्छ जागा दुसरी नव्हती, त्यामुळे सगळ्यांना तीच हवी असायची. एका गुरुवारी तिथे भजनी मंडळ टाळ घेऊन बसलं, व्यायामशाळेची मुलं लेझीम घेऊन आली, आणि कोणा शेतकऱ्याने भल्या पहाटेच अर्ध्या पटांगणात भात वाळत घातलं होतं. लेझीमवाले भातावर नाचले. भजनवाले लेझीमवाल्यांवर ओरडले. भातवाल्याने खराटा उचलला. अशी काही हातघाई झाली म्हणता, टाळांची एक जोडी कचेरीच्या कौलांवर सापडली!

तेव्हा कचेरीचे हेडक्लार्क दिनानाथपंत होते. सडसडीत माणूस, नाकावर चष्मा, आणि बोलणं अगदी मोजकं. त्यांनी आम्हा सात जणांना घडवून घेतलं आणि पटांगणाच्या दाराशी फळ्यावर नियम लिहिला: ज्याच्या हाती त्या वाराचा बिल्ला, त्याचं त्या दिवशी पटांगण. दर सोमवारी सकाळी कचेरीच्या खिडकीशी रांग लागायची आणि जो आधी येईल त्याला हवा तो बिल्ला मिळायचा. बिल्ला नसेल तर चारचौघांनीही तिथे जमायचं नाही. काम झालं की पटांगण झाडून, धुऊन द्यायचं आणि दिवस मावळायच्या आत बिल्ला परत करायचा. मध्यंतरी एका हुशार माणसाने कोरा पितळी तुकडा दाखवून रविवार मारायचा प्रयत्न केला, तेव्हापासून आणखी एक ओळ आली: बिल्ल्यावरचं अक्षर वाचता आलंच पाहिजे. खाली त्या वेळच्या अध्यक्षांची सही होती, आणि नवे अध्यक्ष आले की तेही त्याखाली सही करायचे.

आम्हाला सांभाळायचं काम दयाराम शिपायाचं. खिडकीच्या आत सात खुंट्या होत्या, त्यावर तो आम्हाला ओळीने टांगायचा. माझ्या भावांची काय ऐट! रविवार व्यायामशाळेत जायचा, गुरुवार भजनात डोलायचा, मंगळवार शाळेच्या कवायतीला. आणि मी? मी खुंटीवरच. शनिवारी नवं काम काढायला लोक कचरायचे. शिवाय शनिवारी दुपारी चार वाजता वरच्या दालनात नगरपालिकेची सभा भरायची. दालनाच्या चारही खिडक्या पटांगणावर उघडत, तेव्हा खाली कोणी शिंकलं तरी वर ऐकू जायचं. साहेबलोकांच्या नाकासमोर कोण कशाला गोंधळ घालील? खोटं कशाला सांगू, मला फार लागायचं. दयाराम मला पुसताना म्हणायचा, “तुझं बरं आहे बाबा, बसून खातोस.”

असा नऊ वर्षं टांगून राहिलो. मग १९५२ साल उजाडलं.

गावात नवे अध्यक्ष आले होते. ते वकील होते आणि सगळे त्यांना रावसाहेब म्हणत. माणूस कामाचा होता, गटारं बांधून घेतली, दिवे लावले, पण घाईचा. कचेरीपासून हाकेच्या अंतरावर मासळीबाजार भरायचा. त्याचा वास येतो म्हणून तो बाजार गावाबाहेर, आपटा गावाच्या रस्त्याला न्यायचा असं त्यांनी मनात घेतलं. शनिवारच्या सभेत ठराव मांडायचा आणि मंजूर करून टाकायचा.

ही बातमी कोळणींना कळली, आणि बुधवारी सकाळी ठमाबाई खिडकीशी येऊन उभी राहिली. ठमाबाई खाडीकाठच्या गव्हाण गावची. भरतीच्या पाण्याबरोबर होडीने पनवेल बंदराला यायची, तिथून डोक्यावर पाटी घेऊन बाजारात. चाळिशी उलटलेली, आवाज असा की खाडीच्या या काठावरून हाक मारली तर त्या काठावरचा माणूस वळून बघील.

“दयारामदादा, आमाला शनिवारचा पटांगण पायजे.”

“शनिवारचा? सोमवारपासून खुंटीवरच आहे, कोणी मागत नाही तो. कशाला हवा?”

“आमचा बाजार हालवतान. बंदरापासून आनखी दीड मैल चालाचा. ऊन चढंल, मावरा खराब व्हईल, गिऱ्हाईक बी येवाचा नाय. आमच्या घरची चूल त्याच्यावरच हाय. आमी वरच्या खिडकीखाली हुबं राहून सांगनार.”

दयारामने मला खुंटीवरून काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं. मित्रांनो, नऊ वर्षांत पहिल्यांदा! माझ्या पितळात असा कढ दाटून आला की काय सांगू. तिने मला लुगड्याच्या पदरात बांधलं, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि मी पहिल्यांदाच होडीत बसलो.

गव्हाणला तिच्या घरी तिची सासू सोनाबाई होती. सुनेने पदराची गाठ सोडून मला दाखवलं आणि म्हणाली, “सासूबाय, ह्यो शनिवार.” सोनाबाईंना वाचता येत नव्हतं, पण शनिवार म्हणजे मारुतीरायाचा वार हे त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी मला देवाच्या पाटावर ठेवलं, तेल घातलं आणि वरून शेंदूर थापला. गुरुवारी पुन्हा तेल, पुन्हा शेंदूर. शुक्रवारी शेजारच्या चार जणी आल्या, त्यांनीही थापला. मी ओरडून सांगत होतो, बायांनो, मी देव नाही, मी नियम आहे! पण खरं सांगू का? जरा आवडतही होतं. एवढे हात कोणी माझ्यापुढे जोडले होते?

शनिवारी बाजार उरकून चाळीसभर कोळणी, त्यांत सोनाबाईही, आपापल्या पाट्या घेऊन दुपारी पटांगणाच्या दाराशी आल्या. आणि बघतात तर काय, आत मंडपवाले बांबू रोवत होते! मुंबईहून कोणी मोठे अंमलदार येणार होते. रावसाहेबांनी तीन वाजता त्यांचा सत्कार ठेवला होता. कचेरीसमोरचं पटांगण म्हणजे आपल्या घरचंच, असं धरून चालले होते ते. बिल्ला घ्यायचा असतो हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दयाराम जेवायला घरी गेलेला होता. तो परत आला, बांबू पाहिले, आणि त्याच्या कपाळाला घाम फुटला.

रावसाहेबांचा कारकून काशिराम पुढे आला. “बायका इथे का जमल्या आहेत? हलवा त्यांना.”

“आमच्याकडं बिल्ला हाय,” ठमाबाई म्हणाली आणि पदराची गाठ सोडून मला पुढे धरलं.

काशिरामने मला दोन बोटांत उचललं. माझ्या अंगावर बोटभर शेंदूर, त्यावर तेलाचं कीट. अक्षराचा मागमूस नाही.

“हा बिल्ला? हा तर शेंदराचा गोळा! अक्षर वाचता आलंच पाहिजे, फळ्यावर लिहिलं आहे. नाही वाचता येत. चला, निघा सगळ्या.”

ठमाबाईचा चेहरा पांढरा पडला. ज्या हातांनी मान दिला, त्याच हातांनी घात झाला होता. वेळ अडीचची. दीड तासाने वर सभा भरणार, ठराव मंजूर होणार, आणि खाली कोणी नसणार. सोनाबाई पाटीपाशी मटकन बसल्या. “मीच थापला गो बाय, मीच. माजीच चूक हाय.” मला माझीच लाज वाटली. लाड करून घेताना मला गोड वाटलं होतं ना!

गलका ऐकून दिनानाथपंत बाहेर आले. त्यांनी मला हातात घेतलं, चष्मा वर सरकवला, एकदा काशिरामकडे पाहिलं आणि एकदा कोळणींकडे. मग एवढंच म्हणाले, “अक्षर वाचता आलं पाहिजे, असं लिहिलं आहे. घासून वाचू नये, असं कुठेही लिहिलेलं नाही.”

बस्स! सोनाबाई ताडकन उठल्या. कोळणीच्या पाटीत चिंच नसेल तर ती कोळीण कसली! त्यांनी कालवणासाठी घेतलेल्या चिंचेचा गोळा काढला, नळाखाली भिजवला आणि मला घासायला घेतलं. काय झोंबलं म्हणता! तेल गेलं, शेंदूर गेला, नऊ वर्षांचा काळपटपणा गेला. मी असा लखलखलो की मंडपवाले बांबू सोडून बघत राहिले. दिनानाथपंतांनी मला उंच धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “शनिवार!”

चाळीस जणी एकदम ओरडल्या. त्या आरोळीने वरच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली.

तेवढ्यात रावसाहेबांची मोटार दाराशी थांबली. ते उतरले, आत पाऊल टाकणार, तर दयाराम आडवा आला. दोन लेकरांचा बाप, शिपायाची नोकरी, आणि समोर अध्यक्ष. पण त्याने हात जोडले आणि म्हणाला, “साहेब, बिल्ला?”

रावसाहेबांचे कान लाल झाले. “दयाराम, तू मला ओळखत नाहीस?”

“ओळखतो साहेब. म्हणूनच विचारतो. फळ्यावर सही आपलीच आहे.”

रावसाहेबांनी फळ्याकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच टोपी काढली, कपाळ पुसलं आणि म्हणाले, “खरं आहे. माझी चूक झाली. काशिराम, मंडप उचला. सत्कार शाळेच्या सभागृहात करू.”

चार वाजता सभा सुरू झाली. खाली ठमाबाई बोलायला उभी राहिली. ना कागद, ना कर्णा. पहाटेची होडी, भरतीची वेळ, पाटीचं ओझं, दुपारी विटणारं मावरं, सगळं तिने एकामागून एक सांगितलं. “वास येतो म्हनतां, तर आमी रोज बाजार धुऊन जाऊ. पानी द्या, मोरी बांधा. पन आमाला गावाबाहेर टाकू नका.” वरचे सभासद खिडकीत येऊन ऐकत होते. आणि रावसाहेब? शाळेतला सत्कार आटोपून ते आले, वर न जाता पटांगणात शिरले, आणि तापल्या फरशीवर कोळणींच्या मागे मांडी घालून बसले. मध्येच त्यांनी हात वर केला. “बाई, मला दोन शब्द बोलायचे आहेत.”

“बोला की,” ठमाबाई म्हणाली, “पन आमचं झाल्यावर. आज पटांगण आमचा हाय.”

सगळं पटांगण खदखदून हसलं. रावसाहेबही हसले, आणि गप्प बसून राहिले.

त्यांची पाळी आली तेव्हा ते म्हणाले, “बाजाराला मोरी बांधू. ठराव मी मागे घेतो.” बाजार जिथे होता तिथेच राहिला. कोळणींनी दिवस मावळायच्या आत पटांगण झाडलं, धुतलं आणि मला खिडकीत परत दिलं. इतकं स्वच्छ पटांगण त्याआधी आणि त्यानंतर मी कधी पाहिलं नाही.

पुढची नऊ वर्षं मला खुंटीवर टेकायला सवड मिळाली नाही. मग १९६१ साली छापील अर्ज आले, शिक्के आले, आणि आमचं काम संपलं. भाऊ कुठे कुठे गेले, कोण जाणे. मी या खणात आलो. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण त्या शनिवारनंतरचा सोमवार आठवला की छाती फुगते.

त्या सोमवारी खिडकीशी रांग लागली होती. पुढे लाकडाची मोळी विकणारी एक कातकरीण, तिच्यामागे भजनी मंडळाचा म्होरक्या, त्याच्यामागे आणखी पाच-सहा जण. आणि सर्वांत शेवटी रावसाहेब. त्यांना शाळेच्या बक्षीस समारंभासाठी पटांगण हवं होतं. लोक बाजूला सरकून वाट देऊ लागले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ते खिडकीशी पोचले तेव्हा सातही खुंट्या रिकाम्या झाल्या होत्या. दयारामने खिडकीतून हात जोडले. “सगळे बिल्ले गेले साहेब. पुढच्या सोमवारी या.”

“बरं,” रावसाहेब म्हणाले. आणि पुढच्या सोमवारी ते आले, तासभर लवकर.

मित्रांनो, मला चिंचेने घासा असं मी म्हणत नाही. पटांगण, पाणवठा, बाजार, वाचनालय, अशा जागा सगळ्यांच्या असतात. त्या वापरा, झाडून ठेवा, दुसऱ्याची पाळी आली की सोडा. आणि उद्या कधी एखाद्या दाराची राखण तुमच्या हाती आली, तर समोर कोण उभं आहे ते नंतर बघा. आधी त्याच्या हातात बिल्ला आहे का, ते बघा.